लेखकांच्या यादीत नसलेल्या ताईंना

ताई,

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात जर्नलचं पत्र आलं. आपला लेख त्यांनी स्वीकारला आहे. दोन्ही परीक्षकांना आवडला, एकानं तर आपल्या निष्कर्षाला ‘धाडसी’ म्हटलंय. तुम्ही असतात तर तोंड वाकडं करून म्हणाला असतात, "बोलायला काय जातं त्यांचं. आधी चहा पाजा."

पण पत्राच्या शेवटी एक शंका आहे. हे जर्नल निघतं तेच मुळी आरोग्याच्या संशोधनात वस्तीतल्या माणसांना बरोबरीची जागा मिळावी म्हणून. त्यांचा दंडकच आहे की लेखकांच्या यादीत वस्तीतलं निदान एक नाव हवं. आपल्या लेखावर दोनच नावं आहेत, एक माझं आणि एक आमच्या विभागप्रमुखांचं. तेव्हा वस्तीतला लेखक का नाही याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, असं संपादकबाईंनी फार नम्रपणे कळवलंय. खुलाशासाठी संगणकावर एक चौकोन दिला आहे. रोज सकाळी मी कामावर येते, तो चौकोन उघडते आणि बंद करते. खरं लिहावं तर एका मुलीचं घर उघड्यावर येतं. खोटं लिहावं तर तुमच्यावर अन्याय होतो. रिकामा सोडावा तर पुढचं बटण दाबलंच जात नाही.

म्हणून आज चौकोन बाजूला ठेवून तुम्हालाच लिहायला बसले आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं. त्यातली माझी बाजू तुम्ही होतात तोवर मला सांगता आली नाही.

परळच्या आमच्या कॉलेजातून तुमच्या चाळीत चालत यायला दहा मिनिटं लागतात. मी तिथे नोकरीला लागून नऊ वर्षं झाली होती आणि त्या जिन्यावर मी एकदाही पाय ठेवला नव्हता. पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही गॅलरीत चादरी वाळत घालत होतात. टीबीच्या पेशंटना औषधं वेळेवर घ्यायला लावणाऱ्या बाई म्हणून मला तुमचं नाव मिळालं होतं. मी संमतीपत्र पुढे केलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. तुम्ही ओले हात पदराला पुसलेत.

"मॅडम, सही कुठं करायची ते सगळेच दाखवतात. आत काय लिवलंय ते वाचून कोण दाखवतं?"

मी उभ्याउभ्या वाचायला लागले. मराठी भाषांतर आमच्याच विभागानं केलेलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. तिसऱ्या वाक्याला तुम्ही मला थांबवलंत.

"हे मराठी आहे?"

इतका अपमान मला माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही वाटला नव्हता. पण चहा मिळाला, आणि तिथून तुमचा तो नियम सुरू झाला. आपण जे काही लिहू ते चाळीबाहेर जायच्या आधी रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत वाचायचं, मोठ्यानं आणि मराठीत. बायका भाजी निवडत बसणार आणि जिथे खटकेल तिथे मला थांबवणार. मी म्हणायची, ताई, जर्नलचे परीक्षक असतात, ते तपासतात. तुम्ही म्हणायचात, "ते मागनं. आधी आमचे."

तुमचे परीक्षक जर्नलपेक्षा कडक निघाले. औषधं मध्येच सोडण्याच्या कारणांत आम्ही ‘निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं. कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी सहाला कामाला जाते ती. दवाखाना उघडतो नवाला. मग निष्काळजी कोण, ती का दवाखाना?" सगळी खोली हसली. मी ते कारण तिथेच खोडलं. असे किती शब्द खोडले त्या खोलीत! सरकारी अहवाल लिहून लिहून माझ्या हाताला जी सवय लागली होती ती तुम्ही लोकांनी रविवार-रविवार करून मोडलीत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण दर वेळी चिडूनच जिना उतरायची.

आणि तुमचं नाव. त्यावर तुमचा जीव होता, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. एका दुपारी तुम्ही पलंगाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढलीत. आमच्याआधी जे जे येऊन माहिती घेऊन गेले त्यांचे छापील कागद तुम्ही मागून घेऊन जपून ठेवले होते. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण शेवटच्या पानावरच्या आभाराच्या एका ओळीखाली मुलाकडून पेन्सिलीनं रेघ मारून घेतली होतीत. प्रत्येक कागदात तीच ओळ, स्थानिक स्वयंसेविकेचे आभार.

"मी जिने चढायचे, मी बायकांना बोलतं करायचं, आन नाव नाय. मला काय नाव नाय का, मॅडम?"

मी म्हटलं, या वेळी तुम्ही लेखक. माझ्या बरोबरीनं, पहिल्या ओळीत. जर्नलचा नियमच तसा आहे. तुम्ही दोन वेळा विचारून खात्री करून घेतलीत आणि मग शेजारच्या दारात जाऊन सांगितलंत. तुमचा आवाज असा की ते तिसऱ्या मजल्यालाही कळलं.

मी शब्द दिला होता, ताई. आणि तो मागे घेतला.

तुम्ही मला अकरा बायका गाठून दिल्यात. टीबी झालेल्या, बऱ्या झालेल्या, लपवणाऱ्या. बारावी माझ्याकडे आपण होऊन आली. दादरच्या साड्यांच्या दुकानातलं काम आटोपून संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमच्या अभ्यासात बोलीन, पण घरी कळता कामा नये. तुम्ही शपथ घ्या."

ती तुमची सून होती.

तिच्या मानेत गाठी आल्या होत्या. गाठींचा टीबी. तो दुसऱ्याला लागत नाही, हे मी तिचे कागद बघून आधी पक्कं करून घेतलं, म्हणून तुमच्या घरात कुणाला धोका नव्हता. माहेरच्या पत्त्यावर नाव नोंदवून ती औषधं घेत होती. गाठ दिसू नये म्हणून ओढणी घ्यायची. मी विचारलं, अगं, तुझ्या घरात तर टीबीचं सगळं जाणणारं माणूस आहे, त्यांना का नाही सांगत? ती म्हणाली, "म्हणूनच नाय सांगत. आई ज्या दारात उभ्या राहतात त्या घरात टीबी आहे हे चाळीला कळतं. त्या वाईट नाहीत हो. खूप करतात. पण त्या आल्या की झालं, शिक्का बसला."

आपल्या लेखाचा गाभा हे बोलणं आहे. मदतीला येणाऱ्या माणसाच्या येण्यामुळेच घर ओळखलं जातं, म्हणून बायका मदत नको म्हणतात. अकराजणींनी ते आडून आडून सांगितलं होतं. सरळ बोलली ती एकटीच, कारण ती तुमच्याच घरात राहत होती.

आता माझी अडचण बघा. लेखावर तुमचं नाव आलं की चाळ ओळखली जाणार. चाळ ओळखली की तिथली टीबीची बाई म्हणजे तुम्ही. आणि तुमच्याबद्दल इतक्या जवळून बोलणारी बाई कोण, हे शोधायला चाळीला किती वेळ लागला असता? तिचं बोलणं काढून टाकावं तर विभागप्रमुख म्हणाले, मग उरतं काय? तुमचं नाव काढावं तर कारण सांगता येत नाही. शपथ घेतली होती. पेशंटनं सांगितलेलं तिच्या घरच्यांना सांगायचं नाही, एवढी एकच गोष्ट आमच्या धंद्यात अजून पवित्र आहे.

मी तुम्हाला सांगितलं की चाळीतल्या बायकांचा खाजगीपणा जपायला हवा, म्हणून नाव घालता येणार नाही. त्यावर तुम्ही आठवडाभर घरोघर फिरलात आणि अकराजणींच्या सह्या घेऊन माझ्या खोलीत आलात. कागद टेबलावर ठेवलात.

"ह्या घ्या. त्या बोलल्या, घाला नाव. त्यांची काय हरकत नाय."

"ताई, बाराजणी आहेत."

"बारावी कोण? मी नाय आणली ती. माझ्या चाळीतली बाई तुम्हाला मला न विचारता कुठनं मिळाली?"

"ते नाही सांगू शकत."

"नाव सांगा. मी जाऊन विचारते तिला. हात जोडते पायजे तर."

"नाही, ताई."

तीन वर्षं मला मॅडम म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलंत. "माझ्या चाळीतलं माझ्यापास्नं लपवतेस? तू पण त्यांच्यातलीच निघालीस." सह्यांचा कागद घ्यायलाही थांबला नाहीत. तो माझ्या खणात आहे. त्या संध्याकाळी मी दादरला घरी जाईपर्यंत रडत होते, आणि रडण्यात निम्मा राग होता. राग कुणावर ते मला अजून नीट सांगता येत नाही. मसुद्यावरून तुमचं नाव प्रत्यक्ष खोडायचा धीरही मला झाला नाही.

तरी तुम्ही वाचन ठरवलंत. भांडण आपल्या जागी, नियम आपल्या जागी. मी बारावीचं बोलणं वगळू का असं विचारलं, तर म्हणालात, "एक पान ठेवून वाचायचं तर वाचूच नका." मग मी तुमच्या सुनेला आधी फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिचं वय बदललं होतं, नोकरी बदलली होती, लग्नाची वर्षं वाढवली होती, सासूचा उल्लेख काढून टाकला होता. ती म्हणाली, ठीक आहे, नाही कळणार.

रविवारी बायका जमल्या. मेथीच्या जुड्या सोडलेल्या होत्या. मी बारावीचं बोलणं वाचायला लागले. ती बाई दारात उभी राहिली की शिक्का बसतो, इथवर आले तेव्हा सगळ्या हळूच तुमच्याकडे बघायला लागल्या. मी वाचायची थांबले. तुम्ही मात्र हसलात. "खरं बोलली ती. माझा आवाजच तसला हाय. वाचा पुढं."

मी पुढं वाचलं. ती गोळ्या कुठे लपवते ते पुढे होतं. झाकण फुटलं म्हणून वर स्टीलची वाटी पालथी घातलेली चिनीमातीची बरणी, त्यात.

हीच माझी चूक, ताई. सगळं बदललं आणि बरणी तशीच ठेवली. इंग्रजीत ते वाक्य छान वाटत होतं, विभागप्रमुखांनी शेजारी बरोबरची खूण केली होती. अशा बरण्या मुंबईत हजार असतील असं मी धरून चालले. एका खोलीच्या घरात प्रत्येक भांडं नावानिशी ओळखलं जातं, हे माझ्यासारख्या तीन खोल्यांत वाढलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याकडे मी कितीदा चहा प्यायले असेन, बरणीच्या त्याच फळीखाली पाठ टेकून. मान वर करून कधी पाहिलं नाही.

तुमचे हात मेथीत थांबले. मग पुन्हा चालायला लागले. शेजारची म्हणाली, "कोण गं ही, एवढी घाबरून राहते?" तुम्ही म्हणालात, "असंल कोणीतरी. आपल्याला काय करायचंय." वाचन संपल्यावर दर वेळी मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचात. त्या दिवशी आला नाहीत. मला वाटलं, आवाजाबद्दलचं बोलणं लागलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला.

"मॅडम, माझं नाव काढून टाका तुमच्या त्या लेखातनं."

"का हो, ताई?"

"काढा म्हणते ना. कारण विचारू नका."

पुन्हा मॅडम. पुन्हा तुम्ही. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बरं. जशी तुमची इच्छा." आणि फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण तुमच्यासमोर आता लपवण्यात अर्थ नाही. इतक्या महिन्यांचा फास आपोआप सैल झाला, तो कसा झाला हे मी विचारलं नाही. त्याच दुपारी नाव काढलं आणि लेख पाठवून दिला.

पुढचे दोन महिने मी चाळीत आले नाही. एकदा तुमचा फोन आला होता. मी एका ऑनलाइन चर्चेत होते, वस्तीशी बरोबरीचं नातं कसं ठेवावं या विषयावर बोलत होते. मी कट केला आणि मीटिंगमध्ये आहे असा मेसेज टाकला. परत केला नाही. काय सांगायचं होतं, ताई? मला ते आता कुणाकडूनच कळणार नाही.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी आले. मंडळाच्या त्याच खोलीत पांढऱ्या साड्यांतल्या बायका दाटीनं बसल्या होत्या. पंचशील झालं. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की हल्ली तुम्ही कुणाच्या दारात थांबत नव्हतात. भाजी घ्यायला खाली उतरलात की वाटेत पेशंटला गाठायचात, पिशवीतलं कोथिंबिरीसारखं काहीतरी देता देता विचारायचात, घेतल्या का गोळ्या. आवाज इतका खाली आणला होतात की म्हाताऱ्यांना ऐकू येईना. लेख छापून यायला अजून अवकाश होता, आणि तुम्ही त्याप्रमाणे वागायला लागला होतात. मला भरून आलं, आणि तुमचा विलक्षण अभिमान वाटला.

लोक पांगल्यावर तुमची सून मला आत, मोरीपाशी घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आईंना कळलं होतं. त्या वाचनाच्या दुसऱ्या दिवसापास्नं मला रोज एक अंडं उकडून द्यायच्या. मी बोलले, मलाच का? तर बोलल्या, दुकानात दिवसभर उभी असतेस म्हणून. बरणीला नवीन झाकण आणलं, घट्ट बसणारं. आतलं काही हलवलं नाही. एक शब्द बोलल्या नाहीत मला."

आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो. जे नाव तुम्हाला आयुष्यभर हवं होतं ते तुम्ही एका सकाळी सोडलंत, तिच्यासाठी, आणि तिला कळूही दिलं नाहीत. मी मात्र तुमचा निरोप घेतला तो सुटकेचा श्वास टाकून.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता घाला ना त्यांचं नाव. फार हौस होती त्यांना."

"मग तुझं?"

तिनं दाराबाहेर बघितलं. तुमचा मुलगा गॅलरीत आणलेल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. त्याला अजून माहीत नाही. औषधांचे अजून तीन महिने आहेत. 

"मग राहू दे," ती म्हणाली.

परवा इथवर लिहून थांबले. तुमचा नियम आठवला, म्हणून काल संध्याकाळी दुकान सुटल्यावर तिला गाठलं आणि बाहेरच्या कठड्यावर बसून हे सगळं वाचून दाखवलं. या वेळी तिनं दोन गोष्टी बदलायला लावल्या. त्या कोणत्या ते सांगत नाही, पण बदलल्या आहेत. बाकी राहू द्या म्हणाली. तुम्ही वाचाल असं तिलाही वाटत असावं.

आज सकाळी चौकोन भरला. बरीच वाक्यं लिहिली आणि पुसली. शेवटी एकच ठेवलं. वस्तीतल्या आमच्या सहकारी बाईंनी स्वतःहून आपलं नाव मागे घेतलं, आणि आता त्या हयात नाहीत. यात खोटं काहीच नाही. बटण चाललं. दुपारपर्यंत संपादकबाईंचं उत्तर आलं. दुःखात सहभागी आहोत, खुलासा मान्य आहे, लेख पुढच्या अंकात येईल. आणि खाली एक आपुलकीची सूचना होती. नाव मागे घेतलं जाणं हे बहुतेक वेळा विश्वास कमी पडल्याचं लक्षण असतं, तेव्हा पुढच्या अभ्यासात वस्तीचा विश्वास मिळवण्यासाठी आपण आणखी मनापासून प्रयत्न करावेत.

मी लिहिलं, आभारी आहे, प्रयत्न करीन. दुसरं काय लिहिणार होते? हे मी आमच्या कॉलेजच्या अंकाला देणार आहे, ताई. निदान इथे तरी तुमचं नाव घालू का, असं तुमच्या सुनेला विचारलं होतं. ती नाही म्हणाली.